एकवीस आणि एकोणीस

"मॅडम, तुमच्या त्या मुलीला आजारच नव्हता."

फोनवर मोजणीदार होता. हे काही त्याचं खरं पद नव्हे. प्रयोगशाळेत बसून दिवसभर माणसांच्या जनुकांतली अक्षरं मोजायची एवढंच त्याचं काम, म्हणून सगळं रुग्णालय त्याला मोजणीदार म्हणायचं.

"कुठल्या मुलीला?" बाईंनी विचारलं.

"गच्चीवरून पडली ती. धाकटी."

बाईंनी हातातला फोन तसाच टेबलावर ठेवला आणि जिना उतरून तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेल्या.

बाई या रुग्णालयात समुपदेशक होत्या. रक्तात काय लिहिलंय ते रक्ताच्या मालकाला समजावून सांगायचं, हे काम त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांनीच धाकटीला समोर बसवून सांगितलं होतं, की वडिलांचा आजार तुझ्यातही आला आहे. आणि नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास, धाकटी राहत्या इमारतीच्या गच्चीवरून खाली पडली. तिच्या बिछान्याशेजारच्या टेबलावर तोच अहवाल सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. 

मोजणीदाराने कागद पुढे सरकवला.

"हंटिंग्टिन. मेंदूच्या पेशींना जगायला हे प्रथिन लागतं. तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या अंगात असतं. ते बनवणाऱ्या जनुकात तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, तोतऱ्या माणसासारखी. वीस-पंचवीस वेळा आली तर काही बिघडत नाही. चाळिशीच्या वर गेली की..."

"मला काय शिकवताय?"

"तुम्हाला नाही, स्वतःलाच सांगतोय. चुकलो तर नाही ना, म्हणून." त्याने चष्मा पुसला. "वडिलांचा आकडा चव्वेचाळीस. धाकटीच्या नावाच्या रक्तात सतरा आणि पंचेचाळीस. एक आईकडून, एक बापाकडून; बापाकडून येताना एखादा आकडा वाढतो. निकाल स्पष्ट. पण तपासणीच्या वेळी तिने मेंदू संशोधनाला द्यायचा अर्ज भरला होता. शवविच्छेदनानंतर तुकडा माझ्याकडे आला. तीनदा मोजला. एकवीस आणि एकोणीस."

"आणि थोरलीचा अहवाल?"

"तोही काढून ठेवलाय. एकवीस आणि एकोणीस."



"सख्ख्या बहिणींचे आकडे सारखे येऊ शकतात," मोजणीदार म्हणाला. "चारातून एकदा येतात. पण मग ते पंचेचाळीस कुणाचे, मॅडम? ते रक्त कुणाच्या तरी अंगात आज फिरतंय."

*

वर येऊन बाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि निकालाचा दिवस आठवू लागल्या.

दोघी बहिणी वेगवेगळ्या आल्या होत्या. धाकटी दहा वाजता. वय एकोणतीस, ग्रंथालयात जुनी पुस्तकं बांधायची. बोटांना कायम खळीचा वास. निकाल ऐकून तिने तोंडावर हात दाबला आणि म्हणाली, "ताईला कसं सांगू मी?" अहवालाचा कागद तिने घेतला नाही. "घरी बाबांच्या डोळ्यांसमोर नको," म्हणाली. "त्यांना वाटेल, त्यांनीच दिला."

अकरा वाजता थोरली आली. वय चौतीस, दातांची डॉक्टर. तुम्हाला आजार नाही, असं ऐकल्यावर माणसं गळ्यात पडतात, वेड्यासारखी हसतात. थोरली पांढरीफटक पडली. बाईंना त्याचं नवल वाटलं नव्हतं. जो वाचतो त्याला न वाचलेल्याचं ओझं होतं, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांनी थोरलीचा हात थोपटला होता.

 बाई उठून रक्त घेण्याच्या खोलीत गेल्या.

"या दोघी आठवतात?" त्यांनी तिथल्या सिस्टरना विचारलं.

"न आठवायला काय झालं! दोनदा आल्या, पंधरा दिवसांच्या अंतराने. नियमच आहे ना, दोनदा रक्त घ्यायचं."

"नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट झाल्या असतील?"

सिस्टरनी कमरेवर हात ठेवले. "एकदा झाली तर चूक म्हणा. दोन्ही वेळेला तीच चूक? मी काय आंधळी कोशिंबीर खेळते इथे?"

"ओळखपत्रं पाहिलीत?"

"पाहिली. पण मॅडम, दोघींचं नाक एक, कपाळ एक. आणि फोटो दहा वर्षांपूर्वीचे. माझ्या कार्डावरच्या फोटोत मीच मला ओळखायची नाही."

नोंदवहीत थोरलीच्या नावापुढे लिहिलं होतं: चक्कर आली, वीस मिनिटं झोपवलं. पंधरा दिवसांनंतरच्या पानावरही तेच.

"डॉक्टरीणबाई," सिस्टर हसल्या. "रोज लोकांचे दात उपटते, आणि स्वतःवर वेळ आली की आडवी."

तिथून बाई नोंदणी विभागात गेल्या. धाकटीच्या फाइलमधला अहवालाचा लिफाफा जागेवर नव्हता.

"नातेवाईक घेऊन गेले," कारकून म्हणाला आणि वही फिरवून त्यांच्यापुढे धरली. सही होती, नातं लिहिलं होतं: बहीण. तारीख मंगळवारची. वेळ सकाळी सव्वादहा.

"आणखी एक, मॅडम. धाकटीचा तुमच्यासाठी निरोप होता, सोमवारी. चिठ्ठी तुमच्या टेबलावर ठेवली होती."

चिठ्ठी खरंच होती, कागदांच्या ढिगात तळाशी. बाई त्या आठवड्यात बाहेरगावी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्यांनी ती आता वाचली.

'पोटातल्या बाळाची तपासणी कितव्या आठवड्यापर्यंत करता येते? लवकर कळवा.'

*

"म्हणजे पोरीला दिवस गेले होते," फौजदार म्हणाला. "अंगात आजार, त्यात पोटात मूल, लग्न नाही. झालं की! तुम्हीच माझी फाइल आणखी घट्ट बांधून दिलीत."

फौजदार मनाने वाईट नव्हता, नुसता थकलेला होता. त्याच्या टेबलावर फाइलींची चळत होती आणि मागे पंखा कुरकुरत होता.

"शवविच्छेदनाचा अहवाल वाचलात?" बाईंनी विचारलं.

त्याने पानं उलटली. गर्भ नव्हता.

"मग कुणाच्या बाळाची चौकशी करत होती?"

"तेच मी विचारतेय. गच्चीवर काय सापडलं होतं?"

"कपडे. अर्धे दोरीवर, अर्धे घड्या घालून बादलीत. चिमटे पिशवीत."

"मरायला निघालेलं माणूस चिमटे मोजून पिशवीत टाकतं?"

फौजदाराने कपाळ चोळलं. "मॅडम, माणूस मरायला निघाला की काय करतो, हे अजून कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. बरं, चला. वडिलांना भेटायचंय ना? पण ते काही बोलत नाहीत. आम्ही तासभर डोकं फोडलं."

वडील एकेकाळी जमिनीची मोजणी करायचे. सरळ रेषा ओढणारा माणूस. आता भिंतीला गाद्या लावलेल्या खोलीत ते पडून होते. त्याच खोलीत पलीकडे धाकटीचा बिछाना होता. खांदे, मान, पाय, सगळं आपापल्या मर्जीने हलत होतं. त्या मंगळवारपासून शेजारीण दिवसातून दोनदा येऊन भरवून जात होती. संध्याकाळी थोरली येऊन भरवी.

बाई वडिलांच्या बिछान्यापाशी जमिनीवर बसल्या. शब्द मेंदूत तयार असतो, फक्त जिभेपर्यंत यायला त्याला फार वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्या थांबल्या. फौजदाराने दोनदा घड्याळ पाहिलं.

"बाबा, हो असेल तर डोळे मिटून उघडा. चालेल?"

बऱ्याच वेळाने डोळे मिटले, उघडले.

"मंगळवारी दुपारी धाकटी कपडे काढायला वर गेली?"

मिटले, उघडले.

"ती रडत होती?"

डोळे उघडेच राहिले.

"घरात आणखी कुणी आलं होतं?"

मिटले. उघडले.

फौजदार पुढे सरकला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

"जे आलं होतं, ते तिच्या मागून वर गेलं?"

म्हाताऱ्याच्या गळ्यातून आवाज निघाला, ओल्या पोत्यातून निघावा तसा. डोळे मिटले गेले.

उघडलेच नाहीत. बाईंनी आणखी तीनदा हाक मारली. सगळं अंग हलत होतं, पण पापण्या मात्र त्यांनी सारं बळ लावून दाबून धरल्या होत्या.

"म्हणजे हो ना?" जिन्यात फौजदाराने विचारलं.

"म्हणजे ते सांगणार नाहीत," बाई म्हणाल्या. "परक्याचं पाप कुणी एवढं झाकत नाही."

*

थोरलीचा दवाखाना घरापासून पायी दहा मिनिटांवर. बाई दुसऱ्या दिवशी सकाळी सांत्वनाला म्हणून गेल्या. बाहेरच्या बाकावर गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते. आत धातूचं काहीतरी खणखणत जमिनीवर पडलं.

"पडलं पुन्हा," गृहस्थ म्हणाले. "तुम्ही नवीन का? मग दुसरीकडे जा. मी अडकलोय, अर्धं काम होऊन बसलंय म्हणून."

"चांगल्या नाहीत का डॉक्टर?"

"हात सोन्याचा होता हो. पण हल्ली काय झालंय कळत नाही. एक्स-रेचं मशीन इथे उभं आहे, तरी महिनाभर लोकांना रस्त्यापलीकडे पाठवतात एक्स-रे काढायला. आणि गेल्याच्या गेल्या मंगळवारी तर कहर. मला अडीचला खुर्चीत घेतलं, इंजेक्शन देऊन जबडा बधिर केला, आणि आलेच म्हणून मागच्या दाराने गेल्या त्या गेल्याच. मी आ वासून बसलोय! परत आल्या तेव्हा भूल उतरली होती. पुन्हा सुई. घामाघूम झाल्या होत्या. बहिणीचं कळलं असणार, म्हणून मी काही बोललो नाही."

"किती वाजता परत आल्या?"

"सव्वातीन. समोर घड्याळच आहे ना."

गृहस्थांचं काम उरकल्यावर थोरलीने बाईंना आत बोलावलं. हातमोजे काढून हात ॲप्रनच्या खिशात घातले आणि तिथेच ठेवले.

"त्या दिवशी कुठे होतात तुम्ही?" बाईंनी हलकेच विचारलं.

"इथेच. खुर्चीत पेशंट होता. पोलिसांनाही तेच सांगितलं. चार वाजता फोन आला."

"शेवटची भेट कधी?"

"रविवारी. तिचा स्वयंपाक चालला होता, चांगली बोलली. नंतर भेट नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही." तिचे डोळे भरले. ते पाणी खरं होतं, याबद्दल बाईंना शंका वाटली नाही. "मॅडम, तुम्ही तिला नीट सांगितलं होतं ना? सावकाश?"

बाईंना तो घाव बसला. त्या उठल्या.

दाराशी जावई भेटले. बायकोला न्यायला आले होते. उंच, नीटनेटके, पुलांचे आराखडे काढणारे अभियंते.

"माझंच चुकलं," ते रस्त्यावर आल्यावर म्हणाले. "मूल हवं असेल तर आधी तपासणी, असा हट्ट मीच धरला. हिची एकटीची करायची होती. धाकटी बिचारी सोबत म्हणून तयार झाली. तिला सुईची काय भीती! दिवसभर हातात दाभण, पण इंजेक्शनचं नाव काढलं की डोळे पांढरे. सोबत करायला आली आणि तिच्याच पदरात ते पडलं."

"मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

जावयांचा चेहरा एकदम बंद झाला. "कामात होतो."

"कुठे?"

"खासगी आहे ते. पोलिसांना सांगेन, गरज पडली तर."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या खिडकीकडे. पडदा हलला होता.

*

शनिवारी सकाळी फौजदाराने थोरलीला आणि जावयांना एक सही राहिली आहे म्हणून बोलावलं, रुग्णालयात, बाईंच्या खोलीत. चार खुर्च्या, गोल टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. याच खोलीत निकाल सांगितले जायचे.

"आधी तुम्ही," बाई जावयांना म्हणाल्या. "मंगळवारी दुपारी तुम्ही सुताराकडे होतात. फौजदारसाहेबांनी चौकशी केली. पाळणा करायला टाकलात."

जावई ओशाळले. "तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं हिने बजावलं होतं."

"म्हणूनच यांनी एक्स-रेच्या मशीनला हात लावणं सोडलं. आणि म्हणूनच धाकटीने सोमवारी मला विचारलं, की पोटातल्या बाळाची तपासणी किती आठवड्यांपर्यंत होते."

"पण बाळाची तपासणी कशाला?" जावई म्हणाले. "हिला तर काही नाही. अहवाल आहे ना."

थोरली टेबलाकडे पाहत होती.

"त्या अहवालात रक्त धाकटीचं आहे," बाई म्हणाल्या. "आणि धाकटीच्या अहवालात यांचं. माझ्यासमोर दोघी आपापल्या नावाने बसल्या, पण रक्त देताना ओळखपत्रांची अदलाबदल केली. दोन्ही वेळेला. चक्कर आली ती डॉक्टरला नव्हे, सुईला भिणाऱ्या धाकटीला. ती ताईच्या नावाने पलंगावर पडली होती. शवविच्छेदनात धाकटीचे आकडे एकवीस आणि एकोणीस आले. निर्धोक. ती म्हातारी होऊन मेली असती."

जावयांनी खुर्चीचा हात धरला.

"मी निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, 'ताईला कसं सांगू मी?' मला वाटलं, स्वतःचं दुःख बहिणीला कसं सांगू म्हणतेय. ती म्हणत होती, ताईला तिचाच आजार कसा सांगू. आणि तुम्ही," बाई थोरलीकडे वळल्या, "तुम्हाला मी आनंदाची बातमी दिली आणि तुम्ही पांढऱ्या पडलात. तुम्हाला कळलं होतं, की ही बातमी धाकटीची. उरलेली तुमची. बावीस वर्षांचा अनुभव माझ्या गाठीशी, आणि दोन्ही चेहरे मी उलटे वाचले."

"थांबा," जावई म्हणाले. "अदलाबदल केली, कबूल. पण त्याचा तिच्या मरण्याशी काय संबंध?"

"तेवढाच तर संबंध आहे. अदलाबदल धाकटीच्या संमतीशिवाय होऊच शकत नव्हती. म्हणजे आपण निरोगी आहोत, हे तिला निकालाच्या दिवसापासून माहीत होतं. मग त्या अहवालापायी ती जीव कशाला देईल?"



फौजदाराने वही उघडली. "तुम्ही म्हणालात, अडीच ते सव्वातीन दवाखान्यात होतात. खुर्चीत पेशंट होता."

"होता," थोरली म्हणाली.

"होताच. तुम्ही नव्हतात. जबडा बधिर करून त्याला बसवलंत आणि मागच्या दाराने गेलात. त्याचा जबाब घेतलाय."

थोरलीने खिशातून हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. बोटं आपली आपणच उठत होती, अदृश्य पेटी वाजवावी तशी. जावयांनी ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. 

"वर्षभर होतंय," ती नवऱ्याला म्हणाली. "आधी तोंडात घालायचा आरसा पडायचा. मग चिमटा. बाबांचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही तपासणी म्हणालात तेव्हा मी तिच्या पाया पडले. म्हटलं, तुझं लग्न ठरलेलं नाही, तुझ्या नावावर काही आलं तरी कुणाला काय फरक पडतो? ती एका शब्दाने नाही म्हणाली नाही. मी मागितलेलं तिने कधीच नाकारलं नाही."

"मग मूल का होऊ दिलंस?" जावयांचा आवाज चिरकला.

"नको म्हणायला कारण काय देणार होते? कारण तर मीच पुसून टाकलं होतं."

ती पुढे सांगू लागली.

"रविवारी तिला सांगितलं, दिवस गेलेत म्हणून. वाटलं, मिठी मारेल. ती म्हणाली, ताई, बाळाची तपासणी करून घे, नाहीतर मी भावजींना सगळं सांगते. मंगळवारपर्यंत मुदत दिली. मी समजवायलाच गेले होते. ती कपडे काढत होती. म्हणाली, एका मुलाला पुन्हा त्या गादीच्या खोलीत टाकणार का तू? आणि माझा हात पुढे गेला." तिने उठत्या बोटांकडे पाहिलं. "मी ढकललं का हातच गेला, मला खरंच सांगता येत नाही. तुम्हीच सांगा, मॅडम. तुम्हाला या जनुकाचं सगळं कळतं. हा माझा हात होता, की त्या पंचेचाळिसांचा?"

फौजदारही बाईंकडे पाहू लागला. 

"हा आजार हात हलवतो," त्या म्हणाल्या. "राग अनावर करतो, सारासार विचारही खातो. कोर्टाने विचारलं तर मी हे शपथेवर सांगेन. पण धाकटीने तो अहवाल तीन महिने घरात येऊ दिला नव्हता. तो इथून कुणी नेला? तुम्ही, मंगळवारी सकाळी सव्वादहाला. सही आहे. रविवारनंतर बहिणीला भेटले नाही म्हणालात, मग तो तिच्या टेबलावर कसा पोचला? तुम्ही पर्समध्ये घालून नेलात. ती पडल्यावर खाली येऊन, वडिलांच्या डोळ्यांदेखत टेबलावर ठेवलात. हात आपोआप पुढे जातो, ताई. कागद आपोआप पर्समध्ये जात नाही."

थोरलीने मान खाली घातली. टेबलावर बोटांची टकटक चालूच होती.

"बाबांनी पाहिलं," ती शेवटी म्हणाली. "मी कागद ठेवला तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. त्यानंतर रोज मी त्यांना भरवलं. त्यांनी रोज खाल्लं."

फौजदार उभा राहिला. त्याने बेड्या काढल्या, तिच्या मनगटांकडे पाहिलं आणि परत खिशात घातल्या. "चला, डॉक्टर," एवढंच म्हणाला.

*

वडिलांना सरकारी शुश्रूषागृहात हलवलं. तिथल्या माणसांना त्यांची भाषा कळत नव्हती आणि थांबायला कुणाला वेळ नव्हता. सहा महिन्यांत ते गेले.

थोरलीने गुन्हा कबूल केला. बाई तिला तुरुंगात तीनदा भेटल्या, बाळाच्या तपासणीचं विचारायला. तिन्ही वेळा तिने नकार दिला. "माझ्यापाशी आता न कळणं एवढंच उरलंय," तिसऱ्या वेळी ती म्हणाली. चौथ्या वेळेपर्यंत मुदत टळून गेली होती. मुलगी झाली. नियमाप्रमाणे काही दिवस आईपाशी राहिली, पण आईच्या हातांत तिला देणं धोक्याचं होऊ लागलं, तेव्हा जावई तिला घेऊन आले.

एका सकाळी ते मुलीला घेऊन बाईंच्या खोलीत आले. मुलगी जागी होती. दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती आणि हवेत काहीतरी शोधत होती. लहान मुलांची हात हलवायची तऱ्हाच ती.

"हिची तपासणी करा," जावई म्हणाले.

"नाही करता येत. ती अठरा वर्षांची झाल्यावर, आणि तेही तिला स्वतःला हवी असेल तर."

"आणि तोपर्यंत?"

बाईंनी दुपट्याची सुटलेली कड आत खोचली. 

"वाढवा तिला," त्या म्हणाल्या.

"आणि रोज तिच्या हातांकडे बघत बसू?"

"हो," बाई म्हणाल्या. "बघालच."